पोटाकडची बाजू

लेकीच्या घरी पाळण्यावर झुंबर टांगलं त्या दिवशी आबांचा तोरा बघण्यासारखा होता. वय झालेलं, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, पण स्टुलावर चढायला जावयाला दिलं नाही. "तुम्ही नुसतं स्टूल धरा," म्हणाले. छताच्या कडीत दोरी ओवली, गाठ मारली, खाली उतरले आणि मागे सरून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. झुंबर म्हणजे दिव्यांचं नव्हे बरं का, लाकडी खेळण्यांचं. लेथवर लाकूड कातून खेळणी करण्यातच आबांचा जन्म गेला होता. एक लाकडी कडं आणि त्याला लोंबणारे पाच प्राणी: हत्ती, बदक, ससा, मासा आणि कासव. हत्तीच्या कानाला केसाएवढी बारीक लाल किनार, माशाचा खवला न् खवला वेगळा, आणि ससा तर असा काही तिरपा बघत होता की आता नक्की कुणाची तरी खोडी काढणार.

"बाबा, काय सुरेख झालंय हो!" लेक म्हणाली. जावयानं भराभर फोटो काढले. जावयाची आई, म्हणजे आबांच्या विहीणबाई, चष्मा वर-खाली करत झुंबराभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "पैकीच्या पैकी मार्क."

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिनं मात्र काही दाद दिली नाही. पाळण्यातल्या ठकीनं एकदा वर बघितलं, भलीमोठी जांभई दिली आणि मान वळवून ती खिडकीच्या पडद्याकडे बघत बसली.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव आईबापांनी चांगलं पुस्तकं धुंडाळून ठेवलं होतं. पण खेळणीवाल्याची नात म्हणून आबांनी तिला पहिल्याच दिवशी लाकडी बाहुलीचं नाव देऊन टाकलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव आठवायला आता तिच्या बापालाही डोकं खाजवावं लागायचं.

ठकी तीन महिन्यांची झाली तरी अजून खळखळून हसली नव्हती. झोपेत ओठ मुडपायची, दूध पिऊन झाल्यावर गालातल्या गालात काहीतरी करायची, पण जागेपणी कुणाकडे तरी बघून, आवाज काढून हसणं, ते अजून व्हायचं होतं. ते पहिलं हसू कुणाच्या वाट्याला येणार यावर व्याही-विहिणीत पैजच लागली होती. विहीणबाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. निवृत्त झाल्या तरी समोर दिसेल त्याला शिकवायची खोड गेली नव्हती. त्या टाळ्या वाजवून, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून, इंग्रजी बडबडगीतं म्हणून ठकीच्या मागे लागल्या होत्या. आबा म्हणायचे, "चालू द्या तुमचा क्लास. एकदा झुंबर येऊ द्या, मग बघा."

झुंबर आलं, आणि ठकीनं जांभई दिली.

"व्याही, मनावर घेऊ नका," विहीणबाई म्हणाल्या. "पडद्याला मार्क जास्त पडले इतकंच." आबा हसले खरे, पण चहा तसाच ठेवून उठले.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? होतं. त्यासाठी आधी एक गोष्ट सांगायला हवी. खेळणं रंगवताना हातात धरता येत नाही, रंग बोटांना लागतो. म्हणून त्याच्या पोटाला भोक पाडायचं, त्यात काडी रोवायची आणि काडी धरून रंगवायचं. रंग वाळला की काडी उपटायची आणि भोक लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचं. भोकं बुजवायचं हे शेवटचं काम आबांच्या बायकोचं. अंबाड्यात ब्रश खोचून ती खिडकीपाशी बसायची, आणि भोकं बुजवता बुजवता पोटावर आपलं काहीतरी रंगवतही बसायची. आबा चिडवायचे, "पोटाला कशाला रंग फासतेस? तिथं कोण बघायला जातंय?" ती म्हणायची, "ज्याला बघायचंय तो बघतो. तुम्ही तुमचं लाकूड काता." आबांनी कधी उलटं करून बघितलं नाही. असेल काहीतरी ठिपके-बिपके, हौस आहे बिचारीची, म्हणून सोडून दिलं.

ती गेल्यावर भोकं बुजवायचं काम आबांकडे आलं. त्यांनी लांबी भरली, पॉलिशपेपर मारला, झालं. आणि तेव्हापासून दुकानात नको ते ऐकू यायला लागलं. झुंबर दिसायला फार छान आहे हो, पण आमचं बाळ त्याच्याकडे बघतच नाही. एक गिऱ्हाईक झालं, दोन झाली, मग आबांनी कारण शोधून काढलं: हात गेले. डोळा तर आधीच गेला होता. ऑपरेशन झालं, डोळा सुधारला, पण तक्रारी काही थांबल्या नाहीत.

म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघरात लेकीला त्यांनी सांगून टाकलं, "हे शेवटचं. नातीनं तरी बघितलं तर ठीक. नाहीतर कारखान्याला कुलूप. लेथ देऊन टाकतो कुणाला तरी."

"काहीतरीच काय बाबा! केवढीशी आहे ती."

"तूही एवढीशीच होतीस. झुंबराकडे बघून खिदळायचीस नुसती."

"पण मी पहिल्यांदा हसले ती तुमच्याकडे बघून ना? आई तर नेहमी सांगायची."

"तुझी आई काहीही सांगायची," आबा म्हणाले. "तू हसलीस त्या दिवशी मी लाकूड आणायला परगावी गेलो होतो. घरात नव्हतोच मी! तिला शंभर वेळा सांगितलं. ऐकायची, आणि तोंडाला पदर लावून हसत बसायची."

त्यानंतर आठवडाभर आबा रोज यायचे. कधी झुंबर जरा खाली घे, कधी वर घे, कधी हळूच फिरव. ठकी पडदा बघायची, स्वतःची मूठ बघायची, भिंतीवरचा डाग बघायची. विहीणबाईंचीही डाळ शिजत नव्हती म्हणा. त्यांच्या बडबडगीतांना ठकी अशी गंभीर होऊन ऐकायची जशी काही परीक्षाच जवळ आली आहे.

शेवटी एका सकाळी आबा आले ते स्क्रूड्रायव्हर घेऊन. पाळण्याचा एक पाय कुरकुरत होता. लेक ठकीला आंघोळ घालायला आत घेऊन गेली होती. आबांनी पाळणा बाजूला ओढला, आडवा केला आणि झुंबराच्या बरोबर खाली जमिनीवर बसून स्क्रू आवळला. काम झालं. उठायला गेले आणि कमरेत अशी काही कळ आली की बोलायची सोय नाही. "आई गं!" म्हणत आबा जे उताणे झाले ते उताणेच राहिले.

हाक मारावी तर पलीकडच्या खोलीत विहीणबाई. त्यांच्यासमोर ही शोभा कशाला? दोन मिनिटं पडलो की आपोआप सुटेल, असा विचार करून आबा गप्प पडून राहिले. उताणं पडलेला माणूस दुसरं काय करणार? वर बघणार. आबांनी वर बघितलं.

वर पाच बटाटे लोंबत होते.

आबांनी डोळे चोळले. हत्ती कुठाय? मासा कुठाय? ज्यानं हातानं कातले त्यालाच कोण कुठला ते ओळखू येईना. छताजवळ उजेड होता, त्यापुढे पाच काळपट गोळे, आणि प्रत्येकाच्या मधोमध लांबीचा एक मळकट ठिपका. लाल किनार नाही, खवले नाहीत. सशाचा तो खोडकर डोळा भिंतीकडे बघत होता.

"अगंबाई!" दारातून आवाज आला. विहीणबाई. "व्याही, पडलात की काय?"

"पडलो नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"बटाटे."

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या धावत आल्या आणि आबांच्या डोक्याला कुठे टेंगूळ आलंय का ते चाचपायला लागल्या. "अहो, डोकं शाबूत आहे माझं," आबा ओरडले. "कंबर गेलीय. पण ते राहू द्या. तुम्ही वर बघा. उभं राहून नाही, माझ्यासारखं!"

बाईंनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा झुंबराकडे बघितलं, आणि एकदम खो खो हसायला लागल्या. "म्हणजे वर्म्स आय व्ह्यू म्हणा की!"

"हे काय आणखी?"

"गांडुळाच्या डोळ्यांनी बघणं. इंग्रजीत असंच म्हणतात."

"वा!" आबा जमिनीवरूनच फणकारले. "माझी इथं कंबर मोडलीय आणि तुम्ही मला गांडूळ म्हणता?"

"मी नाही हो, इंग्रज म्हणतात." पण आता शिकवायची संधी आली होती, बाई ती कशाला सोडतात! आबांच्या कमरेखाली उशी सरकवता सरकवता त्यांनी तास सुरू केला. "आधी आला पक्षी. बर्ड्स आय व्ह्यू. माणसाला उडता येत नव्हतं तेव्हाची गोष्ट. पण चित्रकारांना मात्र अख्खं गाव वरून दिसतं तसं काढायची हौस. विमान नाही, काही नाही. मग डोंगरावर चढ, मनोऱ्यावर चढ, आणि उरलेलं मनानं जुळव. पक्ष्याला कसं दिसत असेल, त्याच्या जागी जाऊन बघायचं. म्हणून पक्ष्याचा डोळा. पुढे पुष्कळ वर्षांनी तोच शब्द उलटा करून दुसरा केला. वरून बघणारा पक्षी, तर खालून बघणारं कोण? गांडूळ! कुणाच्या डोक्यातून निघालं मला ठाऊक नाही, पण असणार कुणीतरी तुमच्यासारखं उताणं पडलेलं."

"आणि शाळेत तुम्ही हे शिकवायच्या?"

"पक्षी शिकवायचे. दरवर्षी. पोरं विमानातून गाव कसं दिसतं त्यावर निबंध लिहायची." बाईंनी उशी जरा वर सरकवली. "गांडूळ मात्र नुसता अर्थ सांगून पुढे जायचे. कधी कुणी विचारलंही नाही."

मग त्यांनी काय केलं असेल? पदर खोचला, गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या आणि आबांच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून, जमिनीवर उताण्या पडल्या. वर बघितलं.

"अहो, हे तर अगदीच बटाटे आहेत," त्या म्हणाल्या.

"सांगत होतो ना?"

"आणि मी पैकीच्या पैकी दिले होते!"

"तुम्ही उभ्यानं दिले होते," आबा म्हणाले. "ठकी उभी कुठे राहतेय?" बोलता बोलता त्यांना स्वतःचाच जुना प्रश्न आठवला. तिथं कोण बघायला जातंय, असं ते बायकोला विचारायचे. इतकी वर्षं विचारायचे. आणि ती सरळ उत्तर द्यायची, ज्याला बघायचंय तो बघतो. आबांनी मान भिंतीकडे वळवली. कंबर दुखतेय म्हणून, असं त्यांनी विहीणबाईंना सांगितलं.

तेवढ्यात टॉवेलात गुंडाळलेली ठकी घेऊन लेक दारात आली. बाप आणि सासू शेजारी शेजारी जमिनीवर! "अहो आई! काय झालं तुम्हा दोघांना?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही गांडुळं आहोत."

जावयानं धरून दोघांना उठवलं. आबांच्या कमरेला पट्टा आवळला. कुणीही शहाणा माणूस घरी जाऊन पडला असता, पण आबांना धीर कुठला? "मला कारखान्यात सोडा," एवढाच धोशा. शेवटी जावयानं गाडी काढली आणि विहीणबाई सोबत निघाल्या, कारण हा माणूस एकटा राहिला तर पुन्हा कुठेतरी आडवा होईल याची त्यांना खात्री होती.

कारखाना म्हणजे एकच खोली. मधोमध लेथ, खाली लाकडाचा भुस्सा, भिंतीला लागून रंगांचे डबे, आणि खिडकीपाशी एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर कुणी बसत नसे. वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. आबांनी बोट दाखवलं, विहीणबाईंनी तो खाली काढला. आत जुन्या दुपट्यात गुंडाळलेलं लेकीच्या पाळण्यावरचं झुंबर होतं. हत्तीचा एक कान उडालेला, बदकाचा रंग विटलेला. आबांनी हत्ती हातात घेतला आणि जन्मात पहिल्यांदा उलटा केला.

हत्तीच्या पोटावर एक चेहरा होता. पांढऱ्या रंगावर जाड काळ्या रेघांनी काढलेला. झुपकेदार मिश्या, दोन गोल डोळे, कानामागे पेन्सिल. हसणारा.

"अय्या, हे तर तुम्हीच!" विहीणबाई म्हणाल्या.

आबांनी खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघितलं. तेच होते. आपण परगावी लाकडाचे ओंडके निवडत बसलो होतो, आणि पोरगी इथं आपल्याकडे बघून पहिल्यांदा हसली होती. बायको एवढी वर्षं खरंच सांगत होती! आणि आपण शंभर वेळा तिच्याशी भांडलो. "लबाड!" आबा म्हणाले. "महा लबाड बाई होती!" हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हत्ती उलटा करून बघत होते. विहीणबाईंनी हळूच ते बुटकं स्टूल पुढे सरकवलं. आबा त्याच्यावर बसले.

मग कामाला सुरुवात झाली. ठकीच्या झुंबराचे प्राणी काढून आणले. आबांना आता सगळं कळत होतं: खालून बघणाऱ्याला उजेड वरून येतो, पोट सावलीत पडतं, म्हणून बारीक रेघ उपयोगाची नाही, लाल-बिल काही नाही. पांढरं पोट, जाड काळी रेघ. बदकावर लेक काढली, सशावर जावई. माशावर स्वतः, मिश्यांसकट.

"मी कुठाय?" विहीणबाईंनी विचारलं.

"कासवावर."

"कासवावर? का म्हणून?"

"चष्मा शोभतो कासवाला."

"म्हणजे तुम्हाला मी गांडूळ म्हटलं त्याचा सूड हा!" पण त्यांनी कासव हातात घेऊन तीन-तीनदा बघितलं, आणि केस जरा जास्त काढा म्हणून सांगितलं.

हत्ती राहिला. आबांनी तो शेवटी घेतला. हात गेले, असं स्वतःच म्हणणाऱ्या आबांनी रेघ एका दमात ओढली. आधी गोल चेहरा. मग हनुवटीवरचा तीळ. पुढच्या दोन दातांमधली फट, कारण ती हसल्याशिवाय तिचा चेहरा पुराच होत नसे. डोक्यावर अंबाडा, आणि अंबाड्यात खोचलेला ब्रश.

दुसऱ्या दिवशी झुंबर पुन्हा चढलं. या वेळी स्टुलावर जावई होता, आणि आबा पट्टा लावून खुर्चीत. लेकीनं ठकीला पाळण्यात ठेवलं. कुणीही टाळी वाजवायची नाही, किल्ल्या खुळखुळवायच्या नाहीत, असं विहीणबाईंनीच सगळ्यांना बजावलं. खिडकीतून वारा आला, कडं हळूहळू फिरायला लागलं.

ठकी पडद्याकडे बघत होती. मग तिची मान वळली. कासव आलं, ठकीनं बघितलं. मासा आला, बघितलं. बदक आलं आणि पाय झाडायचे थांबले. आबांनी खुर्चीचा हात गच्च धरला.

हत्ती आला.

ठकीचं तोंड उघडलं. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मग हसली. ओठ मुडपून नाही, गालातल्या गालात नाही; बोळकं वासून, आवाज काढून, खुदखुद, खुदखुद, सगळं अंग हलवून हसली. हत्ती पुढे सरकला तशी थांबली. वाट बघितली. हत्ती फिरून परत आला, तशी पुन्हा हसली!

लेकीनं पाळण्यात वाकून वर बघितलं. तिनं तोपर्यंत पोटाकडची बाजू बघितलीच नव्हती. "आई!" ती म्हणाली, आणि रडावं की हसावं हे न कळून दोन्ही करायला लागली. ठकीनं न बघितलेली आजी छताखाली गोल गोल फिरत होती, फटीच्या दातांनी हसत.

"मी हरले हो व्याही," विहीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "पण तुमच्याकडून नाही हं. माझ्या विहीणबाईंकडून हरले."

आबा खुर्चीतून उठले आणि एक हात जमिनीवर टेकवायला लागले.

"अहो, काय करताय? पुन्हा कंबर धरेल!"

"धरू दे," आबा म्हणाले. "तिला खालून बघायचं राहूनच गेलंय." पाळण्याच्या शेजारी, ठकीच्या इतकंच उताणं पडून त्यांनी वर बघितलं आणि हात डोक्याखाली घेतले. "मात्र सकाळपर्यंत उठवा मला कुणीतरी. कारखाना उघडायचाय."